बिजली पळाली

कोल्हापूर,
भाऊबीज, २३ ऑक्टोबर २०२५

प्रिय दादा,

नमस्कार. आम्ही सगळे खुशाल. आईचा गुडघा थंडीची वाट न बघताच दुखायला लागलाय, बाकी ठीक. तू फोन उचलत नाहीस आणि मेसेज वाचून गप्प बसतोस, म्हणून हा कागद. फराळाच्या डब्यासोबत पाठवतेय. आधी पत्र वाच, मग चकलीला हात लाव.

"कोल्हापुरात शिकायला कोण येणार?" हे तू उद्यमनगरच्या आपल्या शेडमध्ये उभं राहून म्हणाला होतास. आदल्या रात्री म्हशीच्या गळ्यातल्या पट्ट्यावरून तुझं नि आबांचं वाजलं होतं, "यंत्राला म्हशीचं काय कळतंय" म्हणाले ते, आणि तू बॅग भरून बंगळूर गाठलंस. तर ऐक. दोघं आलेत. केनियाची वांजिरू आणि नेदरलँड्सचा लुकास. त्यांच्या विद्यापीठांनी सहा महिन्यांच्या इंटर्नशिपसाठी आपली कंपनी निवडली. आपली म्हणजे तुझी नि माझी. पाटीवरचं तुझं नाव मी काढलेलं नाही.

लुकास कपाळाला आठ्या घालून संगणकाशी बोलत बसतो. पहिल्याच आठवड्यात त्यानं आबांपुढं विद्यापीठाचा कागद ठेवला, जनावराच्या मालकाची संमती हवी म्हणून. आबा म्हणाले, "मालकाचं ऱ्हाऊ द्या पावणं, म्हशीला इचारा." गडी खरंच गोठ्यात जाऊन बिजलीपुढं कागद धरून उभा राहिला. बिजलीनं कागदाचा कोपरा खाल्ला. आम्ही ती सही धरली.

वांजिरूच्या घरी गाई आहेत. आल्या आल्या तिनं शेणाची पाटी उचलली आणि आईला कायमची जिंकून घेतली. तुझं टेबल मी आजवर कुणाला दिलं नव्हतं. तिला दिलं. रागावू नकोस.

आपल्या पट्ट्याचं दुखणं तुला ठाऊकच आहे. म्हशीचा माज मुका. गाभण राहायची वेळ आली तरी ती काही दाखवत नाही, आणि तो दिवस हुकला की पुढचं वेत लांबतं. गळ्यातला पट्टा हालचालीवरून ते ओळखतो खरा, पण जरा धक्का बसला, फटाका वाजला, की खोटी वर्दी द्यायचा. या दोघांनी आल्यापासून त्यावरच डोकं खपवलं. मग मी दूध संघाच्या डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी बघितलं, चहा प्याले आणि म्हणाले, "गोठ्यात उभ्या म्हशीवर कुठलाबी पट्टा चालतोय की. पाडव्याला सगळी म्हशी पळवत्यात, तवा पळवून दाखवा. एकबी खोटी वर्दी आली न्हाय, तर संघाच्या गोठ्यांवर बांधू. आली, तर पुन्यांदा माझ्याकडं येऊ नगासा."

म्हणजे सगळं एका धावेवर आलं. सायलेन्सर काढलेल्या मोटारसायकली, हलगी, फटाक्यांच्या माळा, त्यात म्हैस गाडीमागं पळणार आणि पट्ट्यानं तोंड मिटून राहायचं. गल्लीत कुणी आपली नटवलेली म्हैस द्यायला तयार होईना. राहिली बिजली. आणि तू गेल्यापासून ती कुणाच्याच गाडीमागं पळालेली नाही. मागच्या पाडव्याला सम्राटनं प्रयत्न केला, तर महाराणी भर रस्त्यात बसल्या. चुलतभावाची गल्लीभर शोभा झाली.

तिला तुझीच गाडी लागते आणि तुझीच हाक. गाडी गोठ्यामागं ताडपत्रीखाली, किल्ली आबांच्या कनवटीला. मागायची माझी छाती झाली नाही. वांजिरूनं सरळ हात पुढं केला, "आबा, किल्ली." त्यांनी दिली. मी अजून त्या धक्क्यातून सावरलेली नाही.

आता आबांचं लिहिते. इतका वेळ टाळत होते.

गाडी मी चालवायची आणि वांजिरूनं मागं उलटं बसून हाक द्यायची, असं ठरलं. माझ्या आवाजाला बिजली कान हलवत नाही, हे तू जाणतोसच. तुझी हाक मी वांजिरूला शिकवत होते, बहुधा चुकीची. आबा वैरण टाकता टाकता ऐकत होते. शेवटी पेंढी खाली ठेवून आले. "तसं न्हाय. त्यो शेवटाला आवाज वर न्हेत न्हाय. दम धरतोय आन् खाली सोडतोय."

त्यो. दोन वर्षांत तुझ्याबद्दल त्यांच्या तोंडून आलेला हा पहिला शब्द. मी खाली मान घालून गाडीचा आरसा पुसत राहिले. मग रोज संध्याकाळी तालीम. तुझ्या हाकेतला एकेक चढ-उतार त्यांना पाठ आहे, दादा. मला नव्हता.

काल पाडव्याला नदीच्या घाटाकडच्या रस्त्यावर ही गर्दी. "आरं, पोरी म्हस पळवायल्यात," म्हणून माणसं गच्चीवर चढली. निम्मा रस्ता बिजली छान आली. वळणावर कुणीतरी फटाक्यांची माळ लावली आणि ती थांबली. वांजिरूनं हाका मारल्या, घसा बसला. लोक हसायला लागले. लुकास कट्ट्यावर लॅपटॉप घेऊन डोळे मिटून बसलेला. डॉक्टर घरी जायला आपल्या गाडीकडं निघाले. मला वाटलं, संपलं.

तेवढ्यात गर्दीतून आबा ओरडले, "पावणं, अमरसारखी! आमच्या अमरसारखी द्या!"

सगळ्या गल्लीनं ऐकलं. वांजिरूनं दम धरला आणि आवाज खाली सोडला.

बिजली पळाली, दादा. शेपूट वर, गळ्यात कवड्यांच्या माळेशेजारी आपला पट्टा, आणि नाक मागच्या चाकाला. थेट घाटापर्यंत. मी हेल्मेटच्या आत वेड्यासारखी ओरडत होते. लुकास लॅपटॉप डोक्यावर धरून पळत आला. एकही खोटी वर्दी नाही. डॉक्टरांनी त्याला स्वतः गुलाल लावला आणि मला म्हणाले, "सोमवारी संघात या. पहिलं शंभर पट्टं कवा देतासा ते ठरवून या." आईनं बिजलीला ओवाळलं, मग दोन्ही पाहुण्यांना, मग चुकून डॉक्टरांनाही. आपण जिंकलो.

संध्याकाळी मी किल्ली परत करायला गेले. आबांनी हात पुढं केला नाही. "माझ्याकडं कशाला? ज्याची हाय त्याला धाड." ते बिजलीच्या अंगावर हात फिरवत, माझ्याकडं न बघता म्हणाले, "आन् त्याला लिव्ह. पोरगी हाक झ्याक देती. पर म्हस वळणावर थांबली व्हती. त्याच्या मागं थांबली नसती."

वांजिरू आणि लुकास डिसेंबरात परत जातील. जानेवारीत नवे तिघे येतायत. तुझं टेबल मात्र आता मी पाहुण्यांना देणार नाही.

आई म्हणते, तुळशीच्या लग्नापर्यंत भाऊबीज चालते. ताट तयार आहे. किल्ली चकल्यांच्या तळाशी ठेवलीय. तिला जोडीची दुसरी नाही. तू येईपर्यंत गाडी जागची हलणार नाही, आणि बिजलीही.

तुझी,
तेजू