रंग अजून ओला आहे

बंड्या,

मी दवाखान्यात तपासणीला चाललेय. ठेवून घेतलं तर फोन करेन, उगाच धावत येऊ नकोस. बाबांना एकटं सोडायचं नाही.

उठल्या उठल्या ते मागच्या शेडमध्ये बोटीपाशी जातील आणि नवं इंजिन खोलायला घेतील. त्यांनी स्वतःच बसवलंय, चालू करून दाखवलंय, पण ते त्यांना आठवत नाही. खोलू दे. “बाबा, हे झालंय” असं शहाणपण शिकवायला जाऊ नकोस. मागच्या वेळी शिकवलंस आणि ते दिवसभर जेवले नाहीत. शेजारी बसून पाने देत जा, नट-बोल्ट डब्यात टाक. संध्याकाळी मी पुन्हा बसवते, आता मला जमतं. मी नाही आले तर तू बसव, प्रत्येक भागावर खडूने खुणा केल्यात. बोट पाण्यात कधी सोडायची असं विचारलं, तर रंग अजून ओला आहे म्हणायचं.

तुला “मिस्त्री” म्हणून हाक मारली तर ओ दे, तोंड पाडू नकोस. मलाही तेच म्हणतात. काल विचारत होते, “मिस्त्री, तुमच्या घरी कोण कोण असतं?”

म्हटलं, “नवरा आहे. जुन्या बोटींचं भारी वेड त्याला.”

खूप दिवसांनी हसले. “मग वैतागत असाल तुम्ही!”

“पूर्वी वैतागायचे,” म्हटलं. “आता वाट बघते.”

“येईल हो,” म्हणाले, आणि बारा नंबरचा पाना मागितला.

आई