निंबापासून चौदा पावलं

११ एप्रिल, शुक्रवार

दगा आणि भूपेंद्र यांचा बांधाचा तंटा आज मिटवला. तीन वर्षं एकमेकांकडे बघत नव्हते, आज पारावर एका बशीतला चहा प्यायले! तंटामुक्ती समितीचा अध्यक्ष आहे मी, भाषण तर करावंच लागतं. म्हणालो, "जो दुसऱ्याचा बांध कोरतो, तो स्वतःच्या पोराच्या ताटातला घास कोरतो." टाळ्या पडल्या. ग्रामसेवक म्हणाले, आप्पा, वाक्य लिहून द्या, फळ्यावर लावतो.

दिलं लिहून. घरी आलो आणि दोनदा तोंड धुतलं.

१२ एप्रिल

लावलं फळ्यावर. खाली माझं नाव, मोतीलाल आप्पा. एसटीची दिवसाची एकुलती गाडी तिथेच थांबते. उतरणारा प्रत्येक जण वाचतो.

लोका सांगे ब्रह्मज्ञान.

१५ एप्रिल, मंगळवार

जसोदावहिनी आली होती. रूपचंद गेल्यापासून पहिल्यांदाच आमच्या ओट्यावर बसली. पाच महिने झाले त्याला जाऊन. चुलतभाऊ म्हणायचं ते कागदावर — एका ताटात जेवलो, एका बैलगाडीतून शाळेत गेलो. दोन वर्षांनी मोठा होता.

वहिनी बराच वेळ पदराशी चाळा करत होती. मग म्हणाली, "भाऊ, हेमांगी सांगस, नवापूरले चाल. आखाजी व्हयनी का ती ली जाई माले." हेमांगी तिची एकुलती एक लेक. मी म्हणालो, आणि वावर? तर म्हणाली, "कोरडं वावर ली काय करू? पानी नही तं काय पिकी? तूच ली ले. तुन्हा बांधले बांध शे. पानी बी शे तुन्हाकडे."

पानी बी शे तुन्हाकडे!

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, पंधरा दिवसांवर आहे. कसंबसं "आखाजीनंतर बोलू" म्हणालो. ती उठली, पण जाता जाता रूपचंदची आठवण काढून म्हणाली, "त्या नेहमी सांगेत, मोत्यानं पानी व्हतं म्हनीसन आपली मिरची जगनी."

ती कोपऱ्यावर वळली आणि आमची ही आतून हसत बाहेर आली. "चालत घर उनी ना लक्ष्मी!" मी तिच्यावर उगाच खेकसलो. बिचारीला काय माहीत.

१७ एप्रिल, गुरुवार

काल वही उघडली नाही. आज लिहून टाकतो. इथे तरी खोटं कशाला? ही वही कोणी फळ्यावर लावणार नाही.

पाण्याची बोर माझी नाही. रूपचंदच्या वावरात आहे.

आमच्या दोन वावरांच्या मधे एक निंब आहे, रूपचंदच्या बाजूला. निंबापासून माझ्या बाजूला चौदा पावलं चाललं की हद्दीचा दगड. आजोबा दरवर्षी नांगरटीआधी चालायचे आणि मी आणि रूपचंद मागून मोठ्याने मोजायचो. चौदाला दोघं एकदम दगडावर उडी मारायचो. त्याचा पाय नेहमी आधी पडायचा.

सहा वर्षांपूर्वी नाल्याला पूर आला. बांध वाहून गेला, दगड आडवा झाला. त्याच दिवसांत रूपचंदला सुरतला नेलेलं — हृदयाचं ऑपरेशन. मी फोन केला, तू आलास की दगड मांडू. दमत दमत म्हणाला, "मोत्या, तूच मांडी दे. तुन्हावर भरोसा शे."

त्याआधी आठच दिवस पाणाड्या येऊन गेला होता. तळहातावर नारळ घेऊन माझं सगळं वावर फिरला, नारळ हलला नाही. हद्द ओलांडून एक पाऊल गेला आणि नारळ उभा राहिला! रूपचंदच्या वावरात. निंबापासून तेरा पावलांवर. पाणाड्याला काय, त्याला कुठे हद्द माहीत. "आठे खंदा," म्हणाला, दक्षिणा घेतली आणि गेला.

मी दगड बारा पावलांवर मांडला.

भर दुपारी. शिवारात कोणी नव्हतं. एकट्याने पहार लावून सरकवला, घामाने निथळलो. पहारही माझी नव्हती — माझी वाकलेली. रूपचंदच्या घरून आणली. वहिनी तेव्हा सुरतहून दोन दिवसांसाठी कपडे न्यायला आलेली. तिने स्वतः पहार हातात दिली आणि म्हणाली, उन्हात जास्त थांबू नको भाऊ.

महिन्याभरात बोर घेतली. तीन इंच पाणी लागलं. रूपचंद काठी टेकत बघायला आला. पाण्यात हात घातला, डोळ्याला लावला. "तुन्हं नशीब मोठं शे मोत्या!" त्याला खरंच आनंद झाला होता.

त्यानंतर आठवड्यातून दोन दिवस त्याच्या मिरचीला पाणी सोडायचो. उपकार म्हणून! दर हंगामात पहिल्या तोड्याच्या मिरच्या माझ्या दारात यायच्या. मी घ्यायचो. "कशाला रे" म्हणायचो आणि घ्यायचो.

आणि तो गेल्यावर यंदा माघात वहिनीने पाणी मागितलं तेव्हा मी म्हणालो, पपईलाच पुरत नाही.

हे वाक्य खोडणार होतो. पण म्हणालो होतो, असंच म्हणालो होतो.

१८ एप्रिल

वावरात गेलो. पावलं मोजली. चौदाव्या पावलावर माझी पपई उभी आहे, फळांनी लगडलेली.

२१ एप्रिल, सोमवार

आता हे नवीन!

वहिनी पुन्हा आली. रूपचंदची पहिली आखाजी. डेरगं भरायचं — मेल्यानंतरच्या पहिल्या वर्षी त्याच्या नावाने पाण्याचा नवा माठ मांडतात, आणि भाऊबंदकीतल्या एकाला पितर म्हणून जेवायला बसवतात. आमच्याकडे त्या दिवशी पितर बसलेला माणूस म्हणजे मेलेला माणूसच. त्याचे पाय धुतात. त्याला त्याच्या स्वतःच्या नावाने हाकसुद्धा मारत नाहीत.

वहिनी म्हणाली, "त्यासना नावना तूच बठ."

मी म्हणालो, मोठ्या घरचे रतिलाल आहेत, वडीलधारे आहेत, त्यांना बसवा. वहिनीने मान हलवली. "नही भाऊ. एक ताटमा जेवनात तुम्ही. दुसरा कोनी माले चालत नही."

हो म्हणालो. नाही म्हणायला कारण काय सांगणार?

२४ एप्रिल

हिने विचारलं, जेवत का नाही? म्हणालो, उन्हाळा लागला. ती ताक घेऊन आली. इतकी चांगली वागते की चीड येते.

२६ एप्रिल, शनिवार

आज सांगणारच होतो. सकाळी आंघोळ केली, धुतलेलं धोतर नेसलो, वहिनीच्या दारापर्यंत गेलो. ती सांजोऱ्यांसाठी रवा चाळत होती. "काय व्हयनं भाऊ?" म्हणाली.

मी म्हणालो, पावशेर मिरच्या हव्यात.

मिरच्या घेऊन परत आलो! ताकाला जाऊन भांडं लपवतात, मी तर भांडं लपवायला ताकच मागितलं. साठी उलटली तरी छातीत दम नाही. ही विचारते, घरात दोन किलो मिरच्या असताना आणखी कशाला?

२८ एप्रिल

हेमांगी आली नवापूरहून. वहिनीची भांडी खोक्यांत भरायला घेतली. वाटेत पाया पडली माझ्या. "काका, आईना वावरले चांगला हातमा देनं शे. तुम्हीच ल्या."

चांगला हातमा!

२९ एप्रिल

उद्या आखाजी. उद्या सांगतो. जेवणाआधी, वहिनीला बाजूला घेऊन.

३० एप्रिल, बुधवार. आखाजी

नाही सांगितलं जेवणाआधी. संधीच मिळाली नाही. हे पण खोटं. मिळाली होती.

सगळं नीट लिहितो.

गल्लीत पोरींचे झोके, गाणी, सगळीकडे आंब्याचा वास. वहिनीच्या घरात भाऊबंदकीचे पंधरा-वीस जण. मधल्या घरात डेरगं मांडलेलं, त्यावर खरबूज, दोन सांजोऱ्या, आंबे. वहिनीने चुलीतल्या निखाऱ्यावर पितराच्या घासाची आगारी टाकली, तुपाचा धूर झाला. हेमांगीने माझे पाय धुतले. कपाळाला टिळा लावला. लावताना रडत होती. तिच्या बापाच्या पाटावर मी बसलेलो. त्याचंच ताट. मांडे, आमरस, कुरडई, भजी, आणि कडेला तळलेली मिरची. त्याला लागायची म्हणून.

घास तोंडात फिरायचा, उतरायचा नाही. वहिनी समोर बसून वारा घालत होती. मी पाण्याच्या घोटाबरोबर एक मांडा ढकलला.

शेवटी विचारतात तसं तिने विचारलं. हात जोडून. "पोट भरनं का? मनमा काही ऱ्हायनं का?"

यावर पितराने एवढंच म्हणायचं असतं — भरनं, काही ऱ्हायनं नही. लहानपणापासून ऐकतोय. पोरंही म्हणतील झोपेत.

मी तोंड उघडलं आणि म्हणालो, "ऱ्हायनं शे."

मग थांबलो नाही.

"बोर मन्हा वावरमा शे. दगड निंबफाईन चौदा पावलंवर व्हता. बारावर आना. भर दुपारले, पहार लाईसन सरकाडा!"

हे सगळं म्हणालो. पण कोणी सरकवला ते म्हणालो नाही. "मी" एवढा एक शब्द ओठांवर होता. गिळला. मांडा उतरत नव्हता, हा शब्द बरा उतरला!

 मग रतिलालदादा ओरडले, "रूपचंद बोलना! रूपचंद उना!" दगा दारात उभा होता, त्याने तिथेच लोटांगण घातलं. बायका रडायला लागल्या. हेमांगी माझ्या पायांना मिठी मारून "बाबा, बाबा" करत होती. कोणीतरी नारळ फोडला.

मी घाबरलो. म्हणालो, अरे मी मोतीलाल बोलतोय! मोतीलाल!

"पितर उतरना, उतरना! पानी द्या आप्पाले!"

आणि मी पाणी प्यायलो. ते पाणी प्यायलोच नसतो तर बरं झालं असतं. लोटा खाली ठेवून पुन्हा एकदा सांगायला हवं होतं. पण सगळे इतक्या मायेने बघत होते. रतिलालदादा पाठीवर हात फिरवत म्हणाले, थकवा येतो पितर येऊन गेल्यावर. मी मान डोलवली.

मान डोलवली!

वहिनी तेवढी रडली नाही. हातातला पंखा थांबवून माझ्याकडे बघत होती.

१ मे, गुरुवार

सकाळी अर्धा गाव वावरात. रतिलालदादांनी निंबापासून पावलं टाकली, लोक मोठ्याने मोजत होते. चौदा! तिथे पपईच्या बुंध्याशी खणलं तर मातीखाली दगडाची जुनी बैठक सापडली, चुन्याची. बोर वहिनीच्या हद्दीत एक पाऊल आत. लोकांनी हात जोडले.

मी लगेच म्हणालो, बोर वहिनीची, पंपासकट, आजपासून. मला वाटलं हे बोललो की हलकं वाटेल.

मग ग्रामसभा. महाराष्ट्र दिनाची, झेंडा होताच. सरपंच म्हणाले, पुराच्या पाण्याने फसवलं होतं, आप्पांना काय माहीत! मागून कोणी म्हणालं, "पहारना काय?" तर रतिलालदादांनीच उत्तर दिलं, कोणी तरी चोर असेल, खुणेखाली धन शोधणारा. पितर त्याला बघून घेईल! आणि माझ्याबद्दल काय बोलले — "आप्पानं मन मोठं शे. पितरना शब्द खाली पडू दिन्हा नही."

शाल दिली मला. शाल आणि नारळ. फळ्यासमोर उभं करून फोटो काढला, वर माझंच वाक्य.

मेल्याहून मेल्यासारखं होणं म्हणजे काय ते आज कळलं. चोरी केली तेव्हा इतकी लाज वाटली नव्हती. आता चोरही मी आणि साधूही मी, आणि रूपचंदच्या नावामागे लपून बसलोय. जिवंत होता तेव्हा त्याचं पाणी घेतलं, मेल्यावर त्याचं तोंड घेतलं.

हिने शाल कपाटात ठेवली. वर डांबरगोळी टाकली.

२ मे

हेमांगी एकटीच गेली नवापूरला. वहिनी राहिली. खोकी परत उघडली. दुपारी बोर चालू झाल्याचा आवाज इथपर्यंत आला. लोक म्हणतात, वहिनी कोणाशी फार बोलत नाही. आनंदाने असेल म्हणतात.

आज सांगू का? की राहू दे? तिला मिळालं ना पाणी? मग आता कोणाचं काय अडलंय — असं दिवसभर स्वतःला समजावत होतो. पटत आलंही होतं.

३ मे, शनिवार

सकाळी वहिनी आली. ओट्यावर बसली नाही. हातात पहार होती, ती भिंतीला टेकवून ठेवली.

म्हणाली, "भाऊ, दगड सरकना तवय त्या सुरतले खाटवर पडेल व्हतात. त्यासले पहार कशी दखाई?"

तिने पहारीकडे बोट केलं.

"ती पहार मीच दिन्ही व्हती. तुन्हा हातमा." आणि गेली.

हिला कपाटातून शाल काढायला सांगितली, परत द्यायची म्हणून. पारावर आता माणसं जमली असतील. पहार घेऊन निघतो.