मनीपुढची चांदणी

उधना, सुरत

प्रिय मनीषा,

माझं अक्षर पाहून दचकू नकोस. सगळे आहोत अजून. खाली लूमचा खडखडाट चालू असतो आणि वर गॅलरीत मी, शाळेत पाठ केलेल्या कविता एकट्यालाच म्हणून दाखवत बसलेला. योगेंद्र गेल्यावर आम्हीच तुझं दुसरं लग्न लावलं, प्रमोदरावांबरोबर तुला दोंडाईचाच्या गाडीत बसवलं. सुनेच्या नव्या घरावर जुन्या घराची सावली नको, म्हणून पत्र नाही, फोन नाही, घरात तुझं नावही नाही. हे उषानंच ठरवलं होतं. सासू असून लेकीसारखी पाठवणी केली तिनं तुझी.

होळीनंतर उषाला अर्धांगवायूचा झटका आला. उजवं अंग गेलं, वाचा गेली. एकच शब्द उरला, 'मनी'. आपल्या अहिराणीत मनी म्हणजे माझी, म्हणून आम्ही पुढच्या शब्दाची वाट बघायचो. मनी साडी? मनी माळ? मनी पेटी? रंजना एकेक वस्तू आणून दाखवायची आणि तिची आई डोळे मिटून घ्यायची. शेजारच्या इंदुबाई तर मलाच रागावल्या, "नाना, कविता कसल्या म्हणता? घर उलथं करा, पण बाईची वस्तू बाईला द्या!"

उषाच्या ओव्या रंजनानं कॉम्प्युटरवर टाइप करून ठेवल्या आहेत. मला वाटलं, ती एखादी ओवीच म्हणू पाहतेय. रंजना म्हणाली, "शोधायच्या चौकटीत जेवढं माहीत आहे तेवढं लिहा, पुढे ही चांदणी (*) टाका. तिच्या जागी कितीही अक्षरं चालतात." मला मास्तरांच्या गाळलेल्या जागा आठवल्या. तिथे एका रेघेवर एकच शब्द बसायचा. ही चांदणी फार उदार. मी मनी लिहिलं, कवितेत यती घेतात तशी जरा जागा सोडली आणि चांदणी टाकली. मनी माय, मनी बहीण, मनी गाय... सगळं उषाला वाचून दाखवलं. तिनं तोंड भिंतीकडे फिरवलं.

"नाना, मध्ये जागा कशाला सोडली? शब्द तुटला ना!" असं म्हणून रंजनानं ती जागा पुसली. चांदणी मनीला चिकटली आणि आधी न आलेली एक ओवी समोर आली. तू माप ओलांडलंस तेव्हा उषानं जोडलेली. 'मनीषा उनी घरमा, उजेड पडना दारमा.' रंजना वाचता वाचता थांबली. उषा रडत होती आणि मान हलवत होती, हो, हो म्हणून.

डॉक्टर फार दिवस देत नाहीत. तुझा नंबर आम्ही ठेवलाच नव्हता, पत्ता तेवढा होता. म्हणून ठरलेलं मोडून हे पत्र. प्रमोदरावांना विचार, त्यांनाही घेऊन ये. सुरतपर्यंत जाऊ नका, उधन्यालाच उतरा. तिच्या तोंडून तुझं नाव अर्धंच निघेल. तू ओ दे.

तुझाच,
नाना