पाणी घातलेल्या कुंड्या

१२ मार्च २०१२
लाल! आठही नळ्या लाल!

कोरड्या ठेवलेल्या चार कुंड्यांतला भात लाल दाखवणारच. पाणी तुटलं की रोप पेशींमध्ये प्रोलिन हे अमिनो आम्ल साठवतं आणि उरलंसुरलं पाणी आत धरून ठेवतं — किती शहाणी व्यवस्था! पानांच्या अर्कात निनहायड्रिन घालून तापवायचं. प्रोलिन जितकं अधिक, तितका रंग गडद. पण रोज पाणी घातलेल्या चार कुंड्यांचा रंगही तितकाच गडद? अशक्य.

१३ मार्च
चाचणी पुन्हा केली. नवी पानं, नवी रसायनं. तोच रंग.

म्हणजे पाणी घातलंच गेलं नाही. ते काम हौसाबाईंकडे. विचारलं, तर कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. "रोज घातला पानी. तुमची नळी खोटा बोलते, मी नाय." आणि वर — "पानी पिऊनशी रोप तहानेला? मंग डाक्टरला दाखवा त्याला!"

माती चाचपली. ओली. आज भीतीपोटी घातलं असणार, असं मी ठरवूनच टाकलं. विभागप्रमुख कमलाकर सरांना लेखी कळवलं.

१४ मार्च
सरांनी हौसाबाईंना कामावरून काढलं. माझ्या दोन ओळींवर! नऊ वर्षं होत्या.

१६ मार्च
आज पाणी मीच घातलं. बादलीच्या काठावर पांढरं पूट दिसलं. बोअरच्या पाण्यात क्षारमापक बुडवला — आकडा तीनदा वाचला. जानेवारीत सुरू झालेल्या नव्या बोअरमध्ये खाडी शिरली आहे!

मातीत मीठ साचलं की मुळांना भोवतालचं पाणी ओढून घेता येत नाही. रोप ओलाव्यात उभं राहून तहानतं आणि दुष्काळातलं तेच प्रोलिन तयार करतं. हे मी दरवर्षी वर्गात फळ्यावर आकृती काढून समजावते. दरवर्षी!

तक्रार मागे घेतली. सर म्हणाले, "सोमवारपासून या म्हणावं त्यांना." इतकं सोपं?

१७ मार्च
पळस्प्याला हौसाबाईंच्या घरी गेले. बोअरचं सांगितलं, क्षमा मागितली. त्या तांदूळ निवडत होत्या. वर न बघता म्हणाल्या, "शिमग्याच्या आदीच सांगितला व्हता तुमाला, मॅडम. पानी मचूळ लागतंय. तुमी म्हनालात, जिभेनं मोजमाप होत नाय."

म्हटलं होतं मी. हसून.