तुझा एकच फोटो

प्रिय माय,

तुझ्या प्रथम पुण्यस्मरणाचं कार्ड छापायचंय. छपाईवाल्यानं सकाळी फोटो मागितला. दहाव्याला घाईघाईत आधारकार्डावरचाच मोठा करून हार घातला होता. त्यात तू पोलिसांनी धरून आणल्यासारखी दिसतेस! म्हणून दुपारी दुसरा शोधायला बसलो. सापडला, आणि तेव्हापासून तोच बघत बसलोय.

बारा वर्षं मी या सुरतेत साड्यांच्या कॅटलॉगचे फोटो काढतोय. रोज अनोळखी पोरींचे शेकडो. तुझे किती? एक. लाज वाटते गं.

तोही माझ्या हौसेपायी. चौकातल्या जुन्या सामानवाल्याकडून मी ती रशियन लेन्स आणली होती, आठवतं? लोखंडासारखी जड, आतून जराशी बुरशी लागलेली. तू म्हणालीस, "चांगला कॅमेरा शे ना तुन्हाजोडे, मंग हाई भंगार कसाले आणं?"

नवा कॅमेरा माणसाचे डोळे आपोआप शोधतो, माय. ही जुनी लेन्स लावली की लेन्स लावलीय हेच कॅमेऱ्याला कळत नाही. रिंग आपणच फिरवायची; जे स्पष्ट होईल त्याच्या कडेला पडद्यावर लाल रेघ चमकते. तू गोडादऱ्यातल्या आपल्या खोलीच्या गॅलरीत साडीवर टिकल्या चिकटवत बसली होतीस. मी रिंग फिरवली, लाल रेघ टिकल्यांवर आली आणि बटण दाबलं. कॅटलॉगची सवय! कापड स्पष्ट झालं की माझा हात थांबतो.

फोटोत एकेक टिकली उठून दिसते. तुझा चेहरा मात्र पार पुसट. मी कॅमेऱ्याचा पडदा तुझ्यापुढे धरला, "कसा आलाय?" तू तो नाकापाशी नेलास आणि हसलीस. "भारी उना रे पंक्या! हाऊच ठेव."

मला वाटलं, लेकाचं मन राखतेय. तो पुसट आहे हे तुला दिसलंच नसेल, हे माझ्या डोक्यात एकदाही आलं नाही!

सुईत दोरा ओवून घ्यायला तू खालच्या भाभीकडे जायचीस. मी चिडवायचो, गप्पा मारायचा बहाणा म्हणून. टिकल्या वाकड्या लागल्या म्हणून शेठनं साड्या परत पाठवल्या, तेव्हा मी तुझ्यावरच ओरडलो. तू का बोलली नाहीस गं? काम बंद होईल म्हणून? एकदा, फक्त एकदा "माले दिखत नही" म्हणाली असतीस तर?

त्या फोटोनंतर दीड महिन्यानं तू साड्यांचं गाठोडं घेऊन रस्ता ओलांडायला निघालीस आणि टेम्पोखाली गेलीस. टेम्पोवाल्याची मी कॉलर धरली, दोन कानाखाली वाजवल्या. तो रडत एकच म्हणत होता, "मासी मेरी तरफ ही देख रही थी भैया, फिर भी आगे आ गई." मी पोलिसांना सांगितलं, हा खोटं बोलतोय. जबाबातही तेच लिहून दिलं. वर्षभर त्याला शिव्या घातल्या.

तो खरंच बोलत होता, माय. तू त्याच्याकडे बघत होतीस आणि तुला टेम्पो दिसत नव्हता.

मघाशी आबांना फोटो दाखवला. ते म्हणाले, "तोंड बी दिखत नही, हाऊ काय छापशी?" आणि मला रडूच फुटलं. आबांना दिसतंय! ते गोंधळून लेकाच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. त्यांना अजून काही सांगितलेलं नाही. आज जेवताना सांगणार आहे, मग त्यांनी हाकलून दिलं तरी चालेल.

कार्डावर तोच फोटो छापतोय. तूच ठेव म्हणालीस ना!

आणि तुला शब्द देतो. सोमवारी हा फोटो घेऊन पोलिसांकडे जाईन. सांगीन, माझ्या मायला दिसत नव्हतं. तिनं मला दाखवून दिलं होतं, मीच बघितलं नाही.

तुझा,
पंक्या