दाराजवळची खुर्ची

४ सप्टेंबर
सरकारी पत्र आलं. अंगावर पिस्तूल बाळगायचं माझं लायसन्स ऑक्टोबरअखेर संपतंय. नवं हवं असेल तर पुन्हा गोळ्या मारून दाखवा म्हणे. उभा जन्म लाकडाच्या मिलमध्ये करवतीपाशी काढून ज्याने दहाही बोटं शाबूत घरी आणली, त्याची परीक्षा! डोकं नुसतं भणभणतंय. निश्चय : उद्याच काम उरकायचं.

५ सप्टेंबर
ऊन फार. उद्या.

रविवार, ९ सप्टेंबर
चर्चमध्ये मागच्या दाराजवळची खुर्ची माझी, कमरेला पिस्तूल लावून राखण करायची. साऱ्या गावाची पाठ माझ्या भरवशावर असते. आज प्रार्थना संपल्यावर पाद्री ब्रदर टॉलिव्हर जवळ आले. म्हणाले, चर्चची विमा कंपनी अडून बसली आहे, दारावरच्या माणसाकडे चालू लायसन्स हवं, नाहीतर खुर्ची दुसऱ्याला द्यावी लागेल. मी म्हटलं, अहो, आपल्या राज्यात पिस्तूल बाळगायला आता कायद्यालासुद्धा लायसन्स लागत नाही. तर म्हणाले, "कायद्याला नाही लागत, व्हर्जिल. विम्याला लागतं."
देवाच्या घरात आता विमावाल्यांचं राज्य!
मागे ड्वेन पेटिग्रू दात काढत उभा. खुर्चीवर त्याचा जुना डोळा आहे. म्हणतो, "तिथे तू घोरतोस रे. चोर आला तर बिचारा चवड्यांवर चालेल, तुझी झोप मोडू नये म्हणून."
मी घोरत नाही. डोळे मिटून कानोसा घेतो.

१५ सप्टेंबर
सरावाला निघालो होतो. गेलो नाही. पिस्तूल भरताना वरची स्लाइड मागे खेचावी लागते, ती हल्ली फार कडक झाली आहे. दर रविवारी नेडीन खेचून देते, हातांचं बिस्किटांचं पीठ पुसून. मला जमत नाही असं नाही. बायकोला तेवढंच समाधान.

२९ सप्टेंबर
गुडघा. शिवाय सरकारचा राग अजून उतरलेला नाही. रागाच्या भरात पिस्तूल हातात घेऊ नये.

६ ऑक्टोबर
परीक्षा झाली. गाडी नेडीनने चालवली, कारण डोळ्यांच्या गाढव डॉक्टरने माझं ड्रायव्हिंग बंद केलंय. परीक्षा घ्यायला टायरवाल्या रस्टीची मुलगी केसी. चर्चच्या रविवारच्या शाळेत या पोरीला नोहाची गोष्ट मी शिकवली! स्लाइड ओढायला पिस्तूल नेडीनकडे दिलं, तर केसी म्हणाली, "मिस्टर व्हर्जिल, ते तुमचं तुम्हीच करायचं. चोर काय मिस नेडीनची वाट बघत थांबणार आहे?" लोक हसले. असल्या हसण्यात नेम कसा लागणार? माझ्या बऱ्याच गोळ्या शेजारी नेम धरणाऱ्याच्या निशाणाच्या कागदावर सापडल्या. म्हणजे नेम बरोबर होता, कागद चुकला. केसीने नापास केलं. शेजारीही माझ्यावर खेकसला. उपकाराची जाणीव नाही.
मग केसी नेडीनला म्हणाली, तुम्ही बघा मारून, सहज. नेडीनच्या सगळ्या गोळ्या बशीएवढ्या जागेत. नवख्याचं नशीब असतं. परतताना मी तिला समजावून सांगितलं. ती "हो हो" म्हणाली.

१३ ऑक्टोबर
पुन्हा नापास. वारा. (नेमबाजीच्या रेंजला छप्पर आहे, पण वारा शिरतो.)

२० ऑक्टोबर
नेडीन केसीचा पिस्तुलाचा वर्ग करते आहे. सरकारी कचेरीत बोटांचे ठसेही देऊन आली. म्हातारपणी बायकांना काय काय छंद सुचतात. जेवायला खिम्याचा थंड मीटलोफ. मी बोललो. ती म्हणाली, "गरम हवं तर ओव्हनची स्लाइड ओढ."

३१ ऑक्टोबर
लायसन्स संपलं. सरकार, विमा, केसी आणि ते छप्पर, एकालाही क्षमा नाही. निश्चय : चर्चला जाणंच बंद.

रविवार, ४ नोव्हेंबर
गेलो. जेवण होतं, तळलेले कॅटफिश मासे. खुर्चीवर ड्वेन. घरच्या सोफ्यावर बसावं तसा पसरलेला.

रविवार, १८ नोव्हेंबर
देव आहे! हरणांच्या शिकारीचा मोसम सुरू झाला आणि ड्वेनने खुर्ची सोडली. म्हणाला, नोव्हेंबरचे रविवार मला देवाला देता येणार नाहीत. आता ब्रदर टॉलिव्हर माझ्याकडेच येणार. कोट घासून ठेवला.

रविवार, २५ नोव्हेंबर
ब्रदर टॉलिव्हर घरी आले होते. नेडीनकडे. तिचं लायसन्स आलंय म्हणे.
आज तिने स्लाइड ओढली आणि पिस्तूल स्वतःच्या पर्समध्ये टाकलं. माझं पिस्तूल! खुर्चीवर ती बसली. मला पहिल्या रांगेत, विधवा बायकांच्या मध्ये बसवलं. रागाने लाल होऊन मागे वळलो, तर तिने बोटाने खूण केली : समोर बघ.
प्रवचन कधी संपलं ते कळलंच नाही. बाहेर ब्रदर टॉलिव्हर म्हणाले, "व्हर्जिल, पुढच्या वेळी जरा मागे बस. पहिल्या रांगेतलं माइकमध्ये येतं." मी म्हटलं, मी कानोसा घेत होतो.
नेडीनने गाडीचं दार उघडून धरलं. म्हणाली, "कानोसा आता मी घेते. तू नुसता झोप."