कडू कॉफीची पैज

हानीच्या आई,

नव्या वर्षाला वगीह न्हाव्याशी मी पैज लावली, की महिनाभर कॉफी बिनसाखरेची पिईन. तो म्हणाला, "तू? चार चमचेवाला? हरलास तर खुर्चीवर उभं राहून खिशातल्या कागदावरचा आकडा गल्लीला ओरडून सांगायचा." दाढी करताना मेल्याने कागद पाहिला होता. माझ्या रक्ततपासणीचा आहे. तुला दाखवला नाही.

दोन दिवस निभावलं. काल कॉफीवाल्या म्हाताऱ्या सब्रीने कप ठेवला आणि हळूच विचारलं, "कोण गेलं, अबू हानी?" त्याचं तरी काय चुकलं, कडू कॉफी आपण मयतालाच पितो. मी म्हणालो, "अजून कोणी नाही," आणि हात आपोआप साखरेकडे गेला. वगीह दुकानाच्या दारात टाळ्या पिटत होता.

आयुष्यभर लोकांच्या फजित्या केल्या, आता माझी पाळी. तुला आधी सांगावं म्हणून सकाळपासून चारदा जिना उतरून परत आलोय. स्वयंपाकघरात तुला एकटीला सांगायला जीभ वळत नाही. गल्लीत ओरडायला वळेल बहुतेक.

चार वाजता गॅलरीत ये. आकडा ऐकून रडू नकोस, शिव्या घाल, लोकांना तीच सवय आहे. मग दोरीची टोपली खाली सोड, आपला साखरेचा डबा घालून. तो सगळ्यांदेखत वगीहच्या हातात देतो आणि वर येतो.

कॉफी टाकून ठेव, कडू. शेजारणींनी विचारलं कोण गेलं, तर सांग, साखर गेली.